पेशंट-कार्ड कुणी लिहिलं?

“टीममध्ये माझं-तुझं नसतं, उज्ज्वला,” निशिकांत सर म्हणाले आणि त्यांनी पेढ्यांचा बॉक्स माझ्यापुढे धरला. “घे. दोन घे.”

पेढे त्यांच्या बेंगळुरूच्या निवडीचे होते. सांगलीत विश्रामबागेत आमची जेमतेम सोळा माणसांची शाखा. मुख्य ऑफिसने मोठ्या कामासाठी इथून एकच माणूस उचलला होता, आणि तो उचलला होता पेशंट-कार्डावरून. मिरजेतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यासाठी बनवलेलं ते पेशंट-कार्ड मी लिहिलं होतं. अडीच महिने, एकटीने. निशिकांत पाटणे आमचे टीम लीड. त्या अडीच महिन्यांत ते माझ्या टेबलापाशी दोनदा आले, आणि दोन्ही वेळा माझा चार्जर मागायला.

मी एक पेढा घेतला. खाल्ला नाही. रुमालात गुंडाळून जिन्याखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला, आणि तेव्हा जरा बरं वाटलं.

ही २००९ची गोष्ट. पेशंट-कार्ड म्हणजे वेबसाइटचा एक सुटा, स्वतःपुरता शहाणा तुकडा. आमच्या भाषेत कॉम्पोनन्ट. काउंटरवर बसवा, वॉर्डात बसवा, ऑपरेशनच्या यादीत बसवा. तो पेशंटचं नाव, कुठला डोळा, आत बसवायच्या भिंगाचा नंबर दाखवणार आणि सांगितलं की छापून देणार. त्याच्या पोटात काय चाललंय हे बाहेरच्याने बघायचं नाही. बाहेरून फक्त ठरलेले हुकूम द्यायचे: भर, दाखव, छाप. या हुकमांना मेथड म्हणतात. आणि त्या सगळ्याच्या माथ्यावर, कोड सुरू होण्याआधी, एक ओळ असते. कुणी लिहिलं, त्याचं नाव.

ती ओळ मशीनला लागत नाही. मला लागत होती. माझे वडील विट्याला दुसऱ्याच्या मागावर तीस वर्षं कापड विणत होते. तागा निघाला की त्याच्या काठावर शिक्का पडायचा तो व्यापाऱ्याचा. कापड कुणाच्या हातचं हे कुणी कधी विचारलं नाही. पेशंट-कार्ड पहिल्यांदा चाललं त्या दिवशी मी त्याचं पहिलं पान छापून घरी नेलं होतं. वडिलांना त्यातलं एक अक्षर कळलं नाही, पण वरची ‘उज्ज्वला कोष्टी’ ही ओळ त्यांनी बोट ठेवून वाचली आणि कागद देवाच्या फोटोमागे ठेवला.

पेढ्यांच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, मी फाइल उघडली. वरची ओळ बदलली होती. ‘निशिकांत पाटणे.’ आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा असा, पेढे वाटत बसलेला.

मी फाइल बंद करणार होते. पण ज्याने नाव बदललं त्याने आणखी कुठे हात घातलाय ते बघावं म्हणून खाली गेले, आणि पन्नासेक ओळींनंतर थांबले. डोळा आणि भिंगाचा नंबर ठेवायच्या दोन जागांपुढे एक नवा शब्द बसला होता. स्टॅटिक.

काय झालं असणार हे मला तिथे उभं राहून पाहिल्यासारखं दिसलं. कोड आपला वाटावा म्हणून सरांनी थोडी फिरवाफिरव केली असणार. ती करताना कार्डाचा ऑब्जेक्ट न बनवता थेट क्लासच्या नावाने मेथड बोलावली असणार. मशीनने लाल रेघ मारून तक्रार केली असणार. रेघेशेजारी एक पिवळा दिवा लागतो, त्यावर क्लिक केलं की उपाय सुचतो: याला स्टॅटिक करून टाका. सरांनी क्लिक केलं. लाल रेघ गेली. दुसरी रेघ, दुसरं क्लिक, तीही गेली. रेघ गेली म्हणजे चूक गेली, असं समजणारी माणसं आमच्या धंद्यात रग्गड.

क्लास हा साचा. त्यातून प्रत्येक पेशंटसाठी वेगळं कार्ड बनतं, तो ऑब्जेक्ट. घरोघरी जसा ज्याचा त्याचा माठ, तसं प्रत्येक कार्डात त्या पेशंटचं ज्याचं त्याचं. स्टॅटिक केलं की माठ गेले, गल्लीला मिळून एकच हौद उरला. शेवटी जो ओतेल त्याचं पाणी सगळ्यांना. एकटा माणूस एका काउंटरवर काम करत असेल तर काही बिघडत नाही, म्हणून ऑफिसात तपासताना कुणाला दिसलं नाही. पण दवाखान्यात काउंटर दोन होते. पहिल्या काउंटरवर एका पेशंटचं कार्ड पडद्यावर बरोबर दिसणार. तेवढ्यात दुसऱ्या काउंटरवर दुसरा पेशंट उघडला, की पहिल्या काउंटरवरून छापलेल्या कागदावर नाव पहिल्याचं, डोळा दुसऱ्याचा.

हे कळलं तेव्हा मला काळजी वाटायला हवी होती. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, गेल्या कित्येक महिन्यांत तेवढा आनंद झाला नव्हता.

मी ते पान छापलं. वर त्यांचं नाव, खाली तारीख. त्या दोन ओळींखाली लाल पेनने रेघा ओढल्या आणि कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला.

पेशंट-कार्डाचं उद्घाटन दवाखान्यात बारा दिवसांनी, रविवारी होतं. दवाखान्याच्या प्रमुख डॉक्टर मृणालिनी शहापुरे, त्यांचे विश्वस्त, बेंगळुरूहून आमचे मोठे साहेब, सगळे येणार. सर स्टेजवरून कार्ड छापून दाखवणार. मी दुसऱ्या काउंटरवर बसून नेमक्या क्षणी दुसरा पेशंट उघडणार. भर सभेत कागदावर उजव्याचा डावा होणार, आणि मग मी उठून माझा कागद काढणार. पेशंटची नावं खोटी असणार होती, आम्हीच टाइप केलेली. कुणाच्या केसालाही धक्का लागणार नव्हता, फक्त एका माणसाचं नाक कापलं जाणार होतं.

ते बारा दिवस मी साखरेसारखी गोड वागले. “सर, पाहुण्यांसमोर नुसतं पडद्यावर नको, छापूनच दाखवा,” मी सुचवलं. “कागद हातात पडला की माणसाला पटतं.”

“छान आयडिया,” सर म्हणाले. “आणि ऐक, ते क्लास आणि ऑब्जेक्ट जरा सोप्या भाषेत लिहून देशील? शहापुरे मॅडम फार खोदून विचारतात.”

“देते की. सोऱ्या म्हणजे क्लास आणि चकली म्हणजे ऑब्जेक्ट, असं सांगा.”

“वा!” ते खूश झाले. “हे भारी आहे. चकली.”

मी दोन ओळी लिहून दिल्या. तिसरी ओळ लिहिता आली असती: प्रत्येक चकली वेगळी असते सर, तुम्ही सगळ्यांची एक करून ठेवलीय. नाही लिहिली. त्यांनी कागद खिशात घातला आणि मला म्हणाले, “तू शिकशील हळूहळू. हुशार आहेस.” त्या रात्री मला फार शांत झोप लागली.

रविवारी सकाळी आठला आम्ही मिरजेला पोचलो. दवाखान्याच्या व्हरांड्यात जत तालुक्यातली माणसं दाटीने बसली होती. शिबिरातून मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आणलेली चाळीस माणसं. कार्यक्रम अकराला होता, माझं लक्ष स्टेजच्या फुलांकडे होतं. दारातच एक म्हातारी बाकाच्या कडेला चाचपडत होती, तिला मी हाताला धरून बसवलं.

“जपून, आजी.”

“दिसतच न्हाई बग नीट. डाव्याचा मागचा पडदा गेलाय म्हनं. आता उजव्याचं करनार हायती. त्यो येक सुदारला म्हंजे बास,” ती म्हणाली. “म्या सोनाबाई. सोनाबाई व्हनमाने. उमदीकडची.”

“होईल चांगलं,” मी म्हणाले आणि पुढे गेले. मला माझं काम होतं; स्टेजवरचा कॉम्प्युटर आणि प्रिंटर जोडण्यात तासभर गेला.

काउंटरपाशी गेले तर दोन्ही कॉम्प्युटर सुरू आणि दोन मुली भराभरा कार्डं छापत होत्या.

“हे काय?” मी विचारलं. “उद्घाटन अकराला आहे ना?”

“शहापुरे मॅडम म्हणाल्या, खरे पेशंट बसलेत तर खोटे कशाला,” त्यातली एक म्हणाली. “आठपासून चालू केलं. एकदम मस्त चालतंय हो तुमचं.”

म्हणजे आता कार्डांवर खरे डोळे होते. पण मी लगेच धावत सुटले असं सांगता आलं असतं तर मला आवडलं असतं. मी घड्याळ बघितलं. सव्वानऊ. मी स्वतःला समजावलं, की दोघी अगदी एकाच वेळी थोड्याच छापतायत. चुकलं तरी एखादं चुकेल, आणि डॉक्टर काय कागद बघून कापतात का? पावणेदोन तासांचा तर प्रश्न होता. बारा दिवस थांबले होते.

मी व्हरांड्यातून परत येत होते तेव्हा सोनाबाईंच्या समोरून गेले. त्यांना आता हिरवा झगा घातला होता, आणि भुवईच्या वर चिकटपट्टी लावली होती. ज्या डोळ्याचं ऑपरेशन त्या भुवईवर पट्टी, ही तिथली पद्धत. पट्टी डाव्या भुवईवर होती.

“आजी, तुमचं उजव्याचं होतं ना?”

“व्हय की. पन सिस्टरबाईनं कागुद बगून हिकडं लावली. कागदात आसंल त्येच खरं. मला मेलीला काय कळतंय?”

मी वॉर्डात रूथ सिस्टरना गाठलं. पन्नाशीच्या, उंच, कडक इस्त्रीच्या. त्यांच्या हातात छापलेली कार्डं होती.

“सिस्टर, त्या सोनाबाईंची पट्टी चुकीच्या डोळ्यावर आहे. उजवीकडे लावा. प्लीज, लगेच.”

“कार्डावर डावा आहे,” त्यांनी कार्ड दाखवलं. नाव सोनाबाईंचं, डोळा डावा, आणि भिंगाचा नंबरही भलत्याचाच. “थेंबसुद्धा डाव्यातच घातलेत.”

“ते एकच कार्ड चुकलंय. तेवढं एक बदला.”

मला अजूनही दोन्ही पाहिजे होतं. म्हातारीचा डोळा वाचला पाहिजे आणि अकराचा माझा मुहूर्तही टळता कामा नये.

रूथ सिस्टरनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. “एकच चुकलंय हे तुला कसं माहीत, पोरी? सकाळपासून चौदा कार्डं निघालीत. पहिला पेशंट आता टेबलावर जातोय.”

मी पळत सुटले. ऑपरेशन थिएटरच्या बाहेरचं दार ढकललं, कुणीतरी “चप्पल, चप्पल!” म्हणून ओरडलं. आत डॉक्टर शहापुरे हात धूत होत्या.

“थांबा,” मी म्हणाले. “कार्डं चुकीची आहेत. छापलेल्या कार्डांवर डोळे बदललेत. कुणाचंही करू नका.”

त्यांनी नळ बंद केला. काही विचारलं नाही. “सगळ्यांचे जुने केसपेपर काढा,” त्या रूथ सिस्टरना म्हणाल्या. “एकेक कार्ड लावून बघा. तोवर कुणीही आत येणार नाही.”

चौदांत तीन चुकली होती. टेबलावर नेलेले पहिले पेशंट, सिद्धगोंडा बिराजदार, त्यांचं कार्ड बरोबर निघालं. चुकलेल्या तिघांतली एक सोनाबाई.

वीस मिनिटांनी डॉक्टरांनी आम्हाला त्यांच्या खोलीत बोलावलं. सर लॅपटॉप घेऊन आधीच येऊन बसले होते. शर्टाची बाही वर केलेली, चेहऱ्यावर मोठी काळजी.

“मॅडम, मी आत्ताच सगळं तपासलं,” ते म्हणाले. “कॉम्पोनन्टच्या आतच गडबड आहे. नवी माणसं लिहितात, कुणाकुणाचं बघत बसणार? तरी जबाबदारी टीमची आहे.” आणि लॅपटॉप त्यांनी हळूच फिरवला. “वर लिहिणाऱ्याचं नाव असतं. हे बघा.”

वर लिहिलं होतं: उज्ज्वला कोष्टी.

मी पळत होते तेवढ्या वीस मिनिटांत त्यांनी ओळ पुन्हा बदलली होती. बारा दिवस जे नाव परत मिळवण्यासाठी जळत होते ते नाव त्यांनी मला फुकटात परत केलं होतं, त्या दोन स्टॅटिकसकट.

“हे खोटं आहे!” मी ओरडले. “नाव यांनी आत्ता बदललं. टीममध्ये माझं-तुझं नसतं म्हणून पेढे वाटत होते हे! मॅडम, त्यांचा पराक्रम माझ्याकडे छापलेला आहे.” मी पर्स उलटी केली, घडी उघडली आणि कागद त्यांच्या टेबलावर आपटला. “हे बघा. नाव कुणाचं? पाटणे. आणि या दोन लाल रेघा, ही त्यांची चूक. यांना स्टॅटिक म्हणजे काय हेच माहीत नाही!”

सरांचा चेहरा उतरला. खरंच उतरला. तो क्षण मी मनात हजारदा रंगवला होता आणि तो तसाच्या तसा आला. त्यांनी कागदाकडे बघितलं, मोठ्या साहेबांना काय सांगायचं याचा हिशोब करत असल्यासारखे ओठ हलवले, आणि लॅपटॉप मिटला.

डॉक्टर कागद वाचत होत्या. वरची ओळ वाचली, रेघा बघितल्या. मग चष्मा सारखा करून कागद जवळ धरला.

“ही तारीख मंगळवारची आहे,” त्या म्हणाल्या. “मागच्या आठवड्यातल्या मंगळवारची.”

मी कागदासाठी हात पुढे केला.

“आणि इथे कडेला लाल पेनने लिहिलंय. ‘दोन काउंटरवर फुटेल. उद्घाटनाला.’” त्यांनी वर बघितलं. “अक्षर कुणाचं?”

ते मी लिहिलं होतं हे मी साफ विसरले होते. त्या मंगळवारी, आनंदाच्या भरात.

“माझं,” मी म्हणाले.

“बारा दिवस.”

“मला वाटलं होतं खोटी नावं असतील. मी फक्त यांना—”

“यांचं मला कळलं,” डॉक्टर म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता. “यांना कळत नव्हतं. तुला कळत होतं.” त्यांनी कागदाची घडी घातली आणि आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवली. “टेबलावर कदाचित माझ्या लक्षात आलं असतं. दिवसाला चाळीस डोळे असतात, कदाचित नसतंही आलं. जा, त्या आजींना जाऊन सांग कशासाठी थांबली होतीस ते. तूच सांग.”

निशिकांत पाटणेंचं बेंगळुरू रद्द झालं. माझी नोकरी पंधरा दिवसांनी गेली. काटा काट्याने निघाला, दोन्ही काटे बाहेर. त्यांना नंतर दुसरीकडे आणखी मोठी जागा मिळाली असं कानावर आलं, आणि खरं सांगते, आजही ते ऐकलं की माझ्या दाताखाली खडा येतो. पण त्या दिवसाचं एवढंच नाही.

मी वॉर्डात गेले. सोनाबाई खाटेवर बसल्या होत्या. रूथ सिस्टर त्यांच्या डाव्या भुवईवरची पट्टी हळू काढत होत्या. पट्टी निघताना दोन पांढरे केस तिला चिकटून आले. मग त्यांनी नवी पट्टी उजव्या भुवईवर लावली आणि बाजूला झाल्या.

“आजी,” मी म्हणाले, “तुमची पट्टी चुकीची लागली होती. ती कशाने चुकणार हे मला आधीच माहीत होतं. बारा दिवसांपासून. मी मुद्दाम सांगितलं नाही. एका माणसाची सगळ्यांसमोर जिरवायची होती म्हणून.”

त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेने मान वळवली. डाव्या डोळ्यात थेंब घातल्यामुळे त्याची बाहुली विस्फारली होती, त्यांना माझा नुसता आकार दिसत असणार.

“सिस्टरबाई म्हनली, कुनी तरी पोरगी वराडत आत गेली म्हून माजा डोळा वाचला. त्ये तूच न्हवं?”

“मीच. पण मी आधी—”

“मग सांगितलंस की येळंला.” त्यांनी चाचपडत माझा हात शोधला आणि दोन्ही हातांत घट्ट धरला. “मला काय तुमच्या मशिनीतलं कळत न्हाई, बाय. डोळा आला की तुजं त्वांड बगीन. नातीला घरी सांगीन, आसं आसं झालं, आनि अमक्या पोरीनं वाचिवलं. तुजं नाव काय गं?”

मी तोंड उघडलं. नाव आलं नाही.

“सांग की. नाव काय तुजं?”

डॉक्टर शहापुरे दारात उभ्या होत्या. त्यांना माझं नाव माहीत होतं. त्यांनीही सांगितलं नाही.